आरव्हीतलं पूर्णवेळ बिऱ्हाड आणि बिघडलेलं हवामान: मार्ग, एसी, धूर, पूर

चाकावरचं_बिऱ्हाड (धागाकर्ता)

अमेरिकेत बारा महिने आरव्हीत (चाकांवरच्या फिरत्या घरात) राहणाऱ्यांचं वेळापत्रक स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांसारखं ठरलेलं असायचं. ऑक्टोबरात ॲरिझोना, टेक्सास नाहीतर फ्लोरिडा गाठायचं आणि एप्रिलात गाशा गुंडाळून मोंटाना, आयडाहो, ओरेगनकडे निघायचं. हे गणित आता दोन्ही टोकांना फसतंय. २१ जानेवारी २०२५ला न्यू ऑर्लिन्समध्ये सुमारे ८ इंच बर्फ पडला. उत्तरेकडे पाहावं तर २८ जून २०२१ला पोर्टलंडचा पारा ११६ अंशांवर, १३ जून २०२२ला पुरामुळे यलोस्टोनची पाचही प्रवेशद्वारं बंद, आणि ऑगस्ट-सप्टेंबरात वायव्येकडे धूर. मधल्या पट्ट्यात थांबून राहू म्हणावं तर फिनिक्सला २०२३मध्ये सलग ३१ दिवस ११० किंवा त्याहून जास्त तापमान होतं. (धाग्यातले तापमानाचे अंश, वेगळं लिहिलं नसेल तर, फॅरनहाइट आहेत. इकडच्या थर्मोस्टॅटवर तेच दिसतात.)

माझं म्हणणं असं की नकाशावर उत्तर-दक्षिण पाहणं सोडून समुद्रसपाटीपासूनची उंची आणि वणव्यांचा क्रम पाहावा. दर १,००० फुटांना साधारण साडेतीन अंश उतरतात. फिनिक्स ११०० फुटांवर आणि फ्लॅगस्टाफ ६,९०० फुटांवर, म्हणजे जेमतेम १४५ मैलांत वीसेक अंशांचा फरक. त्यासाठी हजार मैलांचं डिझेल जाळायची गरज नाही.

वणव्यांचा क्रम मात्र नीट समजून घ्या. ॲरिझोना-न्यू मेक्सिकोतली पाइनची जंगलं मे-जूनमध्ये सगळ्यात धोक्याची असतात: पाऊस नाही, वारा आणि कोरडं लाकूड. जुलैच्या सुरुवातीला तिथला मान्सून येतो (हो, हाच शब्द, १५ जून ते ३० सप्टेंबर असा तिथला अधिकृत हंगाम आहे) आणि आगी बसतात. नेमकं तेव्हाच कॅलिफोर्निया, ओरेगन, आयडाहो, मोंटानाकडे पेटायला लागतं, ते ऑक्टोबरपर्यंत. म्हणून क्रम उलटा करावा: मे-जून पॅसिफिक किनाऱ्यावर, जुलै-ऑगस्ट न्यू मेक्सिको आणि ॲरिझोनाच्या ७ ते ९ हजार फुटांवर. जुन्या वेळापत्रकात ऑगस्ट मोंटानाला ठेवलेला असतो. तो सगळ्यात आधी खोडा.

तांत्रिक बाबी जाणकारांनी भर घालून पूर्ण कराव्यात.

---

वळकटी

क्रमाशी सहमत, पण त्यात दोन खाचा आहेत.

पहिली, मान्सून रुसतो. २०२३च्या मान्सूनमध्ये फिनिक्सला एकूण ०.१५ इंच पाऊस पडला. अशा वर्षी जुलैतही जंगलात निर्बंध कायम राहतात. त्यामुळे तारखेवर जाऊ नका, त्या त्या नॅशनल फॉरेस्टची निर्बंधांची पायरी पाहा. पहिल्या पायरीत शेकोटी फक्त ठरवून दिलेल्या जागी चालते. दुसरीत शेकोटी पूर्ण बंद, फक्त झडपेने बंद करता येणारा गॅसचा चुलाच, आणि जनरेटरवरही बहुतेक ठिकाणी अटी. त्यापुढे जंगलच बंद. सप्टेंबर २०२०मध्ये कॅलिफोर्नियातली सगळी १८ नॅशनल फॉरेस्ट एकदम बंद झाली होती. फुकटच्या जागेवर भिस्त ठेवणाऱ्यांनी दुसरी पायरी लागताच पैसे देऊन राहायची जागा शोधायला लागावं. जंगल बंद झाल्यावर सगळेच शोधतात.

दुसरी खाच म्हणजे जळक्या उताराखालची जागा. न्यू मेक्सिकोतल्या रुईदोसोजवळ जून २०२४मध्ये वणवा झाला आणि ८ जुलै २०२५ला त्याच जळलेल्या उतारांवरून लोंढा आला, माणसं गेली. जळलेली जमीन पाणी पिईनाशी होते, मेणकापडासारखी. गावात पाऊस नसला तरी वर डोंगरावर अर्धा तास कोसळला की ओढा भरतो. मुक्काम ठरवताना मागच्या चार-पाच वर्षांतल्या वणव्यांच्या हद्दी नकाशावर पाहा. त्यांच्या उतारावर किंवा ओढ्याच्या तोंडाशी उभं राहू नका.

---

प्रश्नोपंत

उत्तम धागा. एक बाळबोध प्रश्न. तीस फुटी ट्रेलरला १३,५०० बीटीयूचा एकच एसी आहे. १०५ला आतलं तापमान ८८च्या खाली उतरत नाही. १५,०००चा बसवावा का?

---

थंड_डोकं

@प्रश्नोपंत, आधी मोजा. एसी अर्धा तास चालू द्या. एक थर्मामीटर परत हवा ओढणाऱ्या जाळीपाशी धरा आणि दुसरा सगळ्यात जवळच्या थंड हवेच्या तोंडात. फरक १६ ते २२ अंशांच्या दरम्यान आला तर एसीचं काम चोख चाललंय आणि उष्णता बाहेरून आत येतेय. मग १५,०००च्या एसीने फारसं काही होणार नाही. फरक १२-१३ असेल तर एसीकडे किंवा नळीकडे वळा.

सगळ्यात जास्त वेळा सापडणारा दोष आतल्या झाकणामागे लपलेला असतो. छतातल्या १४ बाय १४ इंचांच्या चौकोनात एका बाजूने थंड हवा खाली येते, दुसरीकडून आतली हवा वर ओढली जाते. मधला पडदा कारखान्यात घाईने चिकटवलेला असतो. त्याला फट पडली की थंड हवा खोलीत न येता थेट परत एसीत जाते. एसीला वाटतं खोली गार झाली.

दुरुस्ती तासाभराची आहे. ब्रेकर पाडा, मगच झाकणाचे स्क्रू काढा. पडद्याच्या कडा आणि नळ्या जिथे सुरू होतात तिथल्या फोमच्या कडा स्पिरिटने पुसून घ्या. सगळ्या फटींवर ॲल्युमिनियमची फॉइल टेप लावा, चमच्याच्या पाठीने घासून बसवा. कापडी डक्ट टेप अजिबात नको, उन्हात तिचा गोंद वितळतो आणि एका मोसमात ती सुटून पंख्यात जाते. तिथेच एसीचे चार लांब बोल्ट दिसतील, ते ४० ते ५० इंच-पाउंडांपर्यंत कसा. गॅस्केट दबून साधारण अर्धा इंच राहायला हवं. जोर लावून जास्त कसलंत तर ते चिरडून पाणी गळेल. मग वर जाऊन बाहेरचं झाकण काढा, कंडेन्सरच्या पात्या कंगव्याने सरळ करा आणि बारीक धारेने धुवा. प्रेशर वॉशर नको, पात्या झोपतात.

उष्णता आत येण्याच्या वाटा: छतातले पंखे आणि स्कायलाइट (१४ इंचांची फोमची उशी ठोकून बसवा), पुढची काच, पश्चिमेकडच्या खिडक्या. चकचकीत बबल-फॉइल आतून लावतात, ती चूक. ऊन काचेतून आत आलेलंच असतं, शिवाय दुहेरी काच असेल तर मधली हवा तापून सील जातं आणि काच कायमची धुरकट होते. ८०-९० टक्के सावली देणारं जाळीचं कापड बाहेरून लावा, काचेपासून इंचभर अंतर ठेवून.

---

साडेतीन_किलोवॅट

थंड_डोकं यांच्या प्रतिसादाला +१. आता विजेचं बघू, कारण उष्णतेच्या लाटेत एसी मरतो तो बहुधा कमी व्होल्टेजमुळे.

३० ॲम्पिअरची जोडणी म्हणजे १२० गुणिले ३०, एकूण ३,६०० वॅट. सतत चालणाऱ्या भारासाठी त्यातले ८० टक्केच धरा, म्हणजे २४ ॲम्पिअर. एसी १४ ते १६ घेतो, उन्हाळ्यात वरच्या बाजूला. पाणी तापवणारा विजेचा रॉड १२, मायक्रोवेव्ह १२-१३, बॅटरी चार्जर ५ ते ८. बेरीज करा. दुपारी एसी चालू असताना पाणी गॅसवर तापवा, फ्रीज गॅसवर टाका, मायक्रोवेव्ह वापरायचा तेवढी पाच मिनिटं एसी फक्त पंख्यावर ठेवा.

दुपारी चार ते सात आरव्ही पार्कातले सगळे एसी एकदम चालतात आणि जागेवरच्या विजेच्या खांबावरचं व्होल्टेज ११०च्या खाली घसरतं. व्होल्टेज पडलं की कॉम्प्रेसर तेवढंच काम करायला जास्त ॲम्पिअर ओढतो आणि गुंडाळी तापते. म्हणून फक्त सर्ज प्रोटेक्टर पुरत नाही. १०४ व्होल्टच्या खाली आणि १३२च्या वर स्वतःहून वीज तोडणारा ईएमएस लावा. व्होल्टेज वाढवणारा ऑटोट्रान्सफॉर्मर मिळतो, साधारण १० टक्के वाढ देतो. पण फुकट काही नसतं, तेवढे जास्त ॲम्पिअर तो खांबावरून ओढतो. काही पार्कांत त्याला बंदी आहे, आधी विचारा.

प्लगच्या पाती तपकिरी झाल्या असतील तर जोड सैल आहे. साफ करून भागत नाही, टोक बदला. आणि केबल उरली म्हणून तिचं वेटोळं करून ठेवू नका, भार असताना वेटोळं तापतं. सैलसर नागमोडी पसरा.

---

लिथियम_लक्ष्या

धागाकर्ते उंचीवर जा म्हणतात, पण जनरेटरचं काय होतं ते सांगायचं राहिलं. पेट्रोल जनरेटरची ताकद दर १,००० फुटांना साधारण साडेतीन टक्के घटते. २,२०० वॅट लिहिलेला जनरेटर सतत १,८०० देतो, ७,००० फुटांवर त्याचे उरतात १,३५० च्या आसपास. १३,५००चा एसी १,५००च्या वर मागतो. सॉफ्ट स्टार्टर लावला तर सुरुवातीचा झटका ६०-७० टक्के कमी होतो हे खरं, पण चालतानाची भूक तीच राहते. कार्ब्युरेटरला उंचीचा जेट बसवला तर मिश्रण सुधारतं, गेलेली ताकद पूर्ण परत येत नाही. तरी ७,००० फुटांवर रात्री एसी लागत नाही हा धागाकर्त्यांच्या बाजूचा मुद्दा.

आता "सोलरवर दिवसभर एसी" या स्वप्नाचा हिशोब. ४०० अँपिअर-तासांची १२ व्होल्ट लिथियम बँक म्हणजे सुमारे ५.१ किलोवॅट-तास. इन्व्हर्टरची १० टक्के तूट धरली आणि एसी १,६०० वॅट घेतोय असं मानलं तर पावणेतीन तास. छतावर १,२०० वॅट पॅनेल, जूनचं ऊन, सपाट बसवलेली: दिवसाला पाच-साडेपाच युनिट पदरात पडतात. म्हणजे अजून तीन तास. त्यातच फ्रीज, पंप, राउटर. म्हणून छतावरच्या पारंपरिक एसीऐवजी इन्व्हर्टर-कॉम्प्रेसरचा एसी घेतला तर फरक पडतो. एकदा गार झाल्यावर तो ४००-६०० वॅटवर रेंगाळतो.

पॅनेलही तापतात. २५ सेल्सियसच्या वर दर अंशाला सुमारे ०.३५ टक्के घट. पॅनेल ६५ सेल्सियसला गेलं की १४ टक्के गेले. पॅनेलखाली किमान इंच-दीड इंच हवा खेळू द्या. चिकटवायची लवचिक पॅनेलं नकोत, ती छतही तापवतात.

---

मोहोर

आईवडील मे ते सप्टेंबर इकडे येतात आणि त्यांना घेऊन ट्रेलरने फिरायचा बेत बऱ्याच घरांत असतो. त्यात इन्सुलिन आलं. आरव्हीतल्या गॅसवरच्या फ्रीजमध्ये ते ठेवणं कितपत सुरक्षित?

---

स्वयंपाकघर_२४फूट

@मोहोर, ठेवता येतं, पण तापमान पाहिल्याशिवाय नको. न उघडलेलं इन्सुलिन ३६ ते ४६ अंशांत हवं. गोठलं तर फेकायचं, परत वापरायचं नाही. वापरात असलेली पेन बहुतेक प्रकारांत ८६ अंशांपर्यंत सुमारे २८ दिवस चालते. प्रकारानुसार फरक असतो, पाकिटावरचं वाचा.

अडचण अशी की गॅसवरचा, म्हणजे अमोनियाचा फ्रीज बाहेरच्या हवेवर अवलंबून असतो. ९५च्या वर तो धापा टाकतो, आतलं तापमान ४५-५० होतं. उलट रात्री मागच्या पात्यांना टेकलेली वस्तू गोठते. इन्सुलिन डब्यात घालून दारातल्या कप्प्यात ठेवा, पात्यांपासून दूर. शेजारी अलार्मचा थर्मामीटर.

फ्रीजला मदत करायची तर मागच्या पोकळीत वरच्या जाळीखाली १२ व्होल्टचे १२० मिलिमीटरचे दोन पंखे, हवा वर ढकलणारे. कंडेन्सरच्या पात्यांना चिकटवलेला थर्मोस्टॅट १००च्या आसपास त्यांना चालू करेल. गाडी उभी करताना फ्रीजची बाहेरची जाळी पश्चिमेला येऊ देऊ नका. ट्रेलर सपाट हवा: आडवा ३ अंश, लांबीत ६ अंश यापेक्षा जास्त कल चालत नाही, नाहीतर द्रव साचून कूलिंग युनिट जळतं. आणि ५,५०० फुटांच्या वर गॅसची ज्योत विझण्याचे प्रकार होतात. तिथे विजेवर चालवा. नवीन घ्यायचाच असेल तर १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रीज घ्या. त्याला उष्णता, कल, उंची कशाचंच वावडं नाही. बॅटरी मात्र दिवसाला ६० ते १०० अँपिअर-तास खाते.

ज्येष्ठ सोबत असतील तर राष्ट्रीय हवामान सेवेचा हीटरिस्क नकाशा पाहायची सवय लावा. शून्य ते चार अशा पायऱ्या आहेत. तीनला हूकअपशिवाय (पार्कातल्या वीज-पाण्याच्या जोडणीशिवाय) राहू नये असं माझं ठाम मत.

---

धुराडं

धुराबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून.

धूर आला की खिडक्या बंद, छतातला पंखा बंद आणि त्याचं झाकणही बंद. म्हणजे एसी हवाच, म्हणजे वीज हवीच. हूकअप नसेल तर धुरात राहणं म्हणजे गरम डब्यात राहणं. एक्यूआय (हवेच्या प्रदूषणाचा निर्देशांक) १५०च्या पुढे दोन दिवस जाण्याचा अंदाज असेल तर हलावं. धुराच्या आजच्या स्थितीला एअरनाऊचा आग-धूर नकाशा, आगीच्या हालचालीला वॉच ड्यूटी हे ॲप.

एसीच्या जाळीत मर्व्ह-१३ (बारीक कण अडवणारा) फिल्टर कोंबण्याचा सल्ला फिरतोय, तो धोक्याचा. त्या एसीचा पंखा तेवढ्या अडथळ्यासाठी बनलेला नाही. हवा कमी झाली की कॉइलवर बर्फ धरतो आणि गारवा बंद पडतो. मूळचा फोम धुऊन तसाच ठेवा. वेगळा फिल्टर बनवा: २० इंचांचा चौकोनी टेबल-फॅन, २० बाय २० चा मर्व्ह-१३, बाण पंख्याकडे, मागच्या बाजूला कडा टेपने बंद. पुढच्या बाजूला पुठ्ठ्याचा चौकोन, मधे पात्यांएवढं गोल भोक. कोपऱ्यातून हवा मागे फिरते ती त्याने थांबते. ट्रेलरला एक फिल्टर पुरतो, दोन फिल्टर इंग्रजी व्हीसारखे लावले तर पंख्यावरचा ताण कमी. २०१२ नंतरचा पंखा घ्या, झोपताना बंद करा.

चिमणीचं झाकण, फ्रिजची आतली बाजू, सिंकखालची पाइपांची भोकं, स्लाइडचे (बाहेर सरकणाऱ्या भागाचे) कोपरे: धूर इथून येतो. स्लाइडच्या कोपऱ्यात फोमचे तुकडे. पण हे करताना गॅसच्या भट्टीची आणि वॉटर हीटरची बाहेरची तोंडं बुजवू नका. सीओ (कार्बन मोनॉक्साइड) अलार्मची मुदत पाहा, साधारण ५ ते ७ वर्षांत तो बाद होतो. फिल्टर कार्बन मोनॉक्साइड अडवत नाही.

धुरात सोलरही निम्म्यावर येऊ शकतं, तेव्हा लक्ष्यांच्या हिशोबातून तेवढं वजा करा.

---

लिथियम_लक्ष्या

@धुराडं, वजा केलं. पावणेतीनाचे पावणेतीनच राहिले, बँक आधी भरलेली असेल तर 🙂

---

नदीकाठ

आता पुरावर. मला वाटतं, सगळ्यात कमी समजलेला धोका हाच.

नदीकाठी इतके आरव्ही पार्क का असतात? निसर्गसौंदर्य हे अर्धंच कारण. पूररेषेच्या आत पक्की घरं बांधायला फार अटी आहेत. फेमाच्या (केंद्रीय आपत्ती व्यवस्थापन संस्थेच्या) नियमांत आरव्हीला मात्र सूट आहे: जागेवर सलग १८० दिवसांपेक्षा कमी असावी, किंवा परवाना चालू ठेवून रस्त्यावर निघण्याच्या स्थितीत, चाकांवर असावी. म्हणजे जिथे घर बांधणं जड जातं तिथे पार्क सहज बसतो. ती सूट "पूर आला तर हे निघून जातील" या गृहीतकावर उभी आहे. जॅक खाली, स्लाइड बाहेर, भोवती लाकडी ओटा बांधलेली आरव्ही निघून कशी जाणार?

४ जुलै २०२५च्या पहाटे टेक्सासमधली ग्वाडालूप नदी ४५ मिनिटांत सुमारे २६ फूट चढली. काठावरची आरव्ही पार्कं वाहून गेली. ४५ मिनिटं झोपेतून उठून हिच करायला (ट्रेलर गाडीला जोडायला) पुरत नाहीत.

जागा घेताना पत्ता फेमाच्या पूरनकाशावर टाका. एई विभाग म्हणजे दरवर्षी १ टक्का शक्यता, आणि तो आकडा जुन्या पावसावर बेतलेला. पार्कमध्ये उंचावरची जागा मागा, ती सहसा महाग नसते, फक्त नदी दिसत नाही. झाडांच्या बुंध्याला अडकलेला जुना पाचोळा किती उंचीवर आहे ते पाहा, तो खोटं बोलत नाही. रात्री पावसाचा अंदाज असेल तर नाक बाहेरच्या दिशेला करून उभं राहा. वाहतं पाणी फूटभर असलं तरी छोटी गाडी तरंगते, दोन फुटांना बहुतेक वाहनं जातात. पाणी रस्त्यावर आलेलं असेल तर ट्रेलर घेऊन त्यात शिरायचं नाही, पायी वर चढायचं.

आणि चक्रीवादळातून "आत" पळताना कुठे पळता ते बघा. सप्टेंबर २०२४मध्ये हेलेन फ्लोरिडाच्या किनाऱ्याला लागलं आणि मोठा विध्वंस शेकडो मैल आत, पश्चिम नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरांत झाला. पिजन नदीच्या खोऱ्यात आय-४० महामार्गाचे तुकडे वाहून गेले, ॲशव्हिलला प्यायचं पाणी नळाला यायला नोव्हेंबरचा मध्य उलटला. वादळाच्या वाटेला काटकोनात निघा, ७२ तास आधी. पूल ४० मैलांच्या वाऱ्याला बंद होतात आणि आरव्हीची बाजू म्हणजे शीडच.

---

वळकटी

नदीकाठ यांच्या प्रतिसादात रेडिओची भर. डोंगरात मोबाइलला रेंज नसते. नोआचा (केंद्रीय हवामान आणि सागर संस्थेचा) हवामान रेडिओ १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झवर, सात वाहिन्या. अलार्म ज्या काउंटीसाठी हवा तिचा सहा अंकी कोड त्यात भरावा लागतो: शून्य, मग राज्याचे दोन अंक, काउंटीचे तीन. ग्वाडालूपकाठच्या कर काउंटीचा ०४८२६५. घरात राहणारा माणूस हे एकदा भरतो आणि विसरतो. पूर्णवेळ फिरणाऱ्याने दर मुक्कामी बदलायला हवा, आणि नदीच्या वरच्या अंगाच्या काउंटीचा कोडही घालायला हवा. जुना कोड राहिला तर रेडिओ रात्रभर मुका.

---

डिझेल_दामू

टायर राहिले. उन्हाळ्यात रस्त्याकडेला दिसणाऱ्या ट्रेलरच्या टायरच्या चिंध्या कमी हवा, जास्त वजन आणि वेग या तिघांच्या असतात. ऊन फक्त शेवटचा धक्का देतं.

हवा पहाटे, गाडी हलवण्याआधी भरा, सावलीच्या बाजूचा टायर प्रमाण मानून. दर १० अंशांना सुमारे २ टक्के वाढते: ८० पीएसआयचा टायर पहाटे ६०ला भरला तर १०० अंशांना, चालण्याच्या उष्णतेशिवायच, ८६ दाखवेल. ते बरोबर आहे, हवा काढू नका. तापलेल्या टायरची हवा काढली की थंड झाल्यावर तो ७२ वर येतो आणि दुसऱ्या दिवशी कडा चुरगळत चालतो. ट्रेलरच्या एसटी टायरवर वेगाचं अक्षर नसेल तर ६५ मैल कमाल, एल असेल तर ७५, एम असेल तर ८१. अक्षर काही म्हणो, १०० अंशांच्या वर ६० पुरे. टायरवरच्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात, ३५२० म्हणजे २०२०चा पस्तिसावा आठवडा. पाच-सहा वर्षांनंतर नक्षी शाबूत असली तरी बदला.

चढ पहाटेच. फिनिक्सहून फ्लॅगस्टाफकडे आय-१७ने दुपारी दोनला निघणं म्हणजे गिअरबॉक्सची परीक्षा. तेलाचं तापमान २२०-२३०च्या पुढे गेलं की गिअर उतरवा, वेग कमी करा, गाडीतला एसी बंद. चढावर थांबून इंजिन बंद केलंत तर पाणी फिरायचं थांबून उष्णता आणखी चढते. सपाट जागी उभी करून न्यूट्रलमध्ये थोडा रेस देऊन फिरू द्या.

---

प्रश्नोपंत

थंड_डोकं, फरक १३ होता. झाकण उघडलं तर पडद्याला बोटभर फट. टेप लावल्यावर १९. धन्यवाद, १५,०००चे पैसे वाचले.

अजून एक. दक्षिणेत हिवाळ्याला जाणाऱ्यांनी बर्फाची तयारी करावी का? दोन रात्रींसाठी पूर्ण किट घेणं जिवावर येतं.

---

स्वयंपाकघर_२४फूट

किट नको, समज पुरते. रात्री गोठणार असेल तर संध्याकाळी पाण्याची टाकी भरून नळी काढून रिकामी करा आणि पंपावर राहा. गरम होणारी नळी घेतलीत तरी पार्काचा नळच गोठतो. नळ थेंबथेंब सोडू नका, ते थेंब ग्रे टँकच्या (सांडपाण्याच्या टाकीच्या) नळीत गोठून बूच बनतं. दोन्ही टाक्यांच्या झडपा बंद.

मोठी चूक म्हणजे विजेचा हीटर लावून गॅसची भट्टी बंद ठेवणं. आत उबदार, पण भट्टीच्या नळ्याच खालच्या पोटाला ऊब देतात. ती बंद म्हणून पोटातले पाइप फुटतात. भट्टी चालू राहू दे. हिशोब: ३० पाउंडांच्या सिलिंडरमध्ये ७ गॅलन, म्हणजे साधारण ६ लाख ४० हजार बीटीयू. ३०,०००ची भट्टी निम्मा वेळ चालली तर सुमारे ४२ तास. तिचा पंखा ७-८ अँपिअर घेतो, वीज गेली तर तो बॅटरीवर. आणि लिथियमवाल्यांनो, ३२च्या खाली बॅटरी चार्ज होत नाही. बॅटरी आत असेल तर ठीक, पुढच्या जिभेवरच्या पेटीत असेल तर सकाळी सोलर दिसेल आणि चार्ज शून्य.

---

मोहोर

आग आली आणि निघायलाच सांगितलं तर क्रम काय? स्लाइड आत घेताना वीज लागते, मग प्लग कधी काढायचा?

---

चाकावरचं_बिऱ्हाड (धागाकर्ता)

@मोहोर, ओरेगनसारख्या राज्यांत तीन पायऱ्या आहेत: तयार राहा, सज्ज व्हा, निघा. आरव्हीवाल्याने पहिल्या पायरीलाच निघावं. दुसरीपर्यंत रस्ता मोटारींनी भरतो. नोव्हेंबर २०१८मध्ये पॅराडाइज गावातून बाहेर पडणारे मोजके रस्ते तुंबले होते, तिथे ट्रेलर वळवायला जागा कुठून मिळणार? बाहेर जायला एकच रस्ता असलेला कॅम्पग्राउंड जून ते ऑक्टोबर टाळावा, आणि टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नये.

क्रम: माणसं, औषधं, कागद, प्राणी ओढणाऱ्या गाडीत. गॅस सिलिंडर बंद. स्लाइड आत (त्या १२ व्होल्टवर चालतात, बॅटरी शाबूत असेल तर प्लगची वाट पाहू नका). खांबाचा ब्रेकर पाडून प्लग ओढा. पाण्याची आणि मैल्याची नळी ट्रेलरकडच्या टोकाला सोडवून तिथेच टाकून द्या, मैल्याची झडप मात्र बंद. जॅक वर, हिच, साखळ्या, ब्रेकअवे केबल, दिवे. चाकाखालचे ठोकळे सगळ्यात शेवटी, आणि नेमके तेच घाईत विसरले जातात. स्टेअरिंगवर कागद चिकटवून ठेवा: "ठोकळे". तिसरी पायरी लागली असेल आणि हिच केलेला नसेल तर ट्रेलर सोडा.

तो सोडता यावा म्हणून विमा आधी बघा. पूर्णवेळ राहणाऱ्यांची पॉलिसी वेगळी असते, साधी आरव्ही पॉलिसी घर म्हणून वापर मान्य करत नाही. आतलं सामान, बाहेर राहायचा खर्च आणि पूर्ण बदली किंमत की घसारा वजा किंमत, हे तीन शब्द कागदावर शोधा. सरकारी पूरविमा चाकांवरच्या ट्रेलरला मिळत नाही, पुराचं नुकसान त्याच पॉलिसीच्या कॉम्प्रिहेन्सिव्ह भागातून येतं. आणि वादळाला नाव पडल्यावर बऱ्याच कंपन्या नवीन पॉलिसी देणं थांबवतात, तेव्हा हे मे संपायच्या आत.

---

डिझेल_दामू

"ठोकळे"च्या कागदाखाली अजून एक ओळ लिहा: ट्रेलरची एसीसकट उंची, फूट आणि इंचांत. नेहमीचा महामार्ग बंद झाला की फोन गावातल्या रस्त्याने नेतो आणि पुढे ११ फूट ८ इंचांचा रेल्वेपूल येतो.